टेबलावरचं पांढरं कडं

लेडी बॅरन, फ्लिंडर्स बेट
१२ फेब्रुवारी १९६७

आयल्सा,

अक्षर ओळखून हे पाकीट सरळ चुलीत घालणार होतीस ना? घालू नकोस. उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. दर नाताळला मी तुला कार्ड पाठवते, तुझं उत्तर कधी येत नाही, आणि मी त्याबद्दल एका शब्दानं तक्रार केलेली नाही. त्याच्या बदल्यात एवढं वाचच.

तुझ्या भावानं सासूबाईंचं टेबल बिघडवलंय.

हो, तेच टेबल. सासूबाईंची माती झाली त्या दिवशी ज्याच्यावरून तुम्ही दोघं चर्चच्या दारात कडाकडा भांडलात तेच. तू म्हणालीस, आईनं ते मला देईन म्हणून सांगितलं होतं. क्लाइड म्हणाला, बाबांनी ते या घरात बनवलं, या घरातून हलणार नाही. तू म्हणालीस, "मग बस त्याच्यावर डोकं आपटत." आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं अ‍ॅडलेडला परत गेलीस ती गेलीसच. पाच वर्षं झाली त्याला. डोकं आपटून घेण्याचं काम तुझा भाऊ नेमानं करतोय, काळजी नको.

झालं असं, की गेल्या महिन्यात त्याच्या मनात आलं, टेबल चमकवायचं. का, ते विचारू नकोस. जुनं पॉलिश खरवडून काढलं, तिथवर ठीक होतं. मग शेडमधला बोटीच्या रोगणाचा उरलेला डबा उघडला. आपल्या बेटावरच्या पुरुषांना वाटतं, बोटीला चालतं ते सगळ्याला चालतं. तुमच्या अर्नकाकांनी चर्चच्या बाकांना बोटीचं रोगण फासलं होतं आणि भर उन्हाळ्यातल्या लग्नात नवरीची आत्या बाकाला चिकटून बसली होती, आठवतं का? तिला सोडवायला चौघं लागले होते. त्यातून कुणी शहाणं झालं असेल तर शपथ.

बाहेर पश्चिमेचा वारा सुटलेला, शेडचं दार सताड उघडं, आणि हे महाशय ब्रश मारतायत. वाळू बसली, गवताची कुसळं बसली, एक पतंग पंख पसरून बसला तो अजून आहे. पायांवर ओघळ आलेत. ते सगळं एक वेळ चाललं असतं गं. पण टेबलाच्या एका टोकाला, जिथे सासूबाई बसायच्या तिथे, रोगण धरतच नाही. ब्रश फिरवला की जरा वेळानं ते मागे सरकतं आणि गोल गोल खळगे पडतात, मध्ये कोरडं लाकूड. शिळ्या माशाचे डोळे दिसतात ना, तसे. क्लाइडनं तीनदा लावलं, तीनदा तेच. आता म्हणतोय, "रंधाच मारतो. कोरं लाकूड लागेपर्यंत मारतो."

तुझ्या बाबांनी ती फळी कशी हातानं गुळगुळीत केली होती ते मला सासूबाईंनी शंभरदा सांगितलंय. तिच्यावर रंधा कसा चालवू द्यायचा? तू पियानोंना पॉलिश करतेस. या घरात या गोष्टीतलं कळणारी तू एकटी, आणि तू या घरात नाहीस. तेव्हा नणंदबाई, मला सांग काय करू. क्लाइडला मी लिहितेय हे माहीत नाही.

आणि लिहायला बसलेच आहे तर एक जुनं राहिलेलं बोलून घेते. मी गव्हाच्या गावातून इथे लग्न होऊन आले तेव्हा मटनबर्ड म्हणजे बिळातली समुद्रपक्ष्याची तेलकट पिल्लं, हे मला ठाऊक नव्हतं. हंगामाचे पहिले पक्षी ताटात आले. त्या तेलाचा आणि माशांचा तो वास! पहिल्या घासालाच मला भडभडून आलं. सासूबाई बघत होत्या. "आमच्यात पहिला पक्षी टाकत नाहीत," म्हणाल्या. आणि तू, त्या बटाटे आणायला वळल्या तेवढ्यात, आपलं चाटूनपुसून रिकामं केलेलं ताट माझ्यापुढे सरकवलंस आणि माझं तुझ्याकडे ओढलंस. तो अख्खा हंगाम तू दोन माणसांचे पक्षी खाल्लेस. तुझा फ्रॉक शिवणीत उसवला, तरी खाल्लेस. मी तुझे आभार कधी मानलेच नाहीत, कारण मानले असते तर सासूबाईंना ऐकू गेलं असतं. आता मानते. फार बरं केलंस गं तेव्हा. नाहीतर मी पुढच्या बोटीनं माहेरी गेले असते.

नोला

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. माझ्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच आहे. टेबल तो तुझ्यासाठी चमकवत होता. नाताळच्या दिवशी आम्ही दोघंच त्या लांबलचक टेबलाच्या कोपऱ्यात जेवत बसलो होतो. अचानक म्हणाला, "दोघांना एवढं टेबल कशाला? तिचं तिला पाठवून देऊ." मी म्हटलं, आधी पत्र लिही. म्हणाला, पत्र मला जमत नाही, टेबल पाहिलं की तिला कळेल. आणि आता हे असं झालंय. तो म्हणतो, असलं डागाळलेलं पाठवलं तर आयल्सा म्हणेल, मुद्दाम खराब करून पाठवलं. म्हणून रंधा. हे मी तुला सांगितलेलं नाही, आणि तुला हे माहीत नाही.


२४ फेब्रुवारी

आयल्सा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ना "प्रिय", ना "कशी आहेस". "रंधा नको. ओघळ पूर्ण कडक होऊ दे, मग धारदार पात्यानं खरवड. नंतर सर्वात बारीक पॉलिश पेपर, साबणाच्या पाण्यात बुडवून. खडे, कुसळं, पतंग, तसंच. खळग्यांना हात लावू नकोस. त्या बाजूला कधी फवाऱ्याचं पॉलिश मारलं होतं का? ते मारलं की असेच खळगे पडतात." बास. सही पण नाही. मी ते तीनदा वाचलं आणि मला इतका आनंद झाला की मी कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे घातले.

पण बाई, पोस्टकार्ड कशाला पाठवलंस? व्हाइटमार्कहून टपालाबरोबर ट्रकमध्ये बसून आलेल्या सगळ्यांनी ते वाचलं. माझ्या हातात पडायच्या आधी धक्क्यावर क्लाइडला तिघांनी सांगितलं, "काय रे, बहीण म्हणतेय रंधा नको." घरी आला तो कान लाल करून. मला वाटलं, आता खैर नाही. हात धुतले, जेवला, आणि बशीकडे बघत म्हणाला, "तिला सांग, टेबल माझ्या घरात आहे. मला हवं ते करीन."

"सांगते," मी म्हटलं.

"पातं कुठलं म्हणते ती? दाढीचं?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते उगीच नाही. पण रंधा खिळ्यावर टांगलेलाच राहिला, हे मी पाहिलं.

ओघळ मी खरवडले. सुरुवातीला भीती वाटली, मग हात बसला. पातं उभं धरून ओढलं की ओघळाचा चुरा पडतो आणि खालचं तसंच राहतं. कुणी मला हे आधी का नाही सांगितलं? मग साबणाचं पाणी आणि पेपर. पतंग गेला बिचारा. हात फिरवला तर कसं लागतं सांगू, नुकत्या धुतलेल्या बशीसारखं. पाय चारही झाले, कडा झाल्या, वरची फळी अर्ध्याहून जास्त झाली. तुझ्यामुळे झालं. क्लाइड येता-जाता शेडमध्ये डोकावतो, काल तर माझ्यासाठी खिडकीतला दिवा पुसून ठेवला होता.

फवाऱ्याचं पॉलिश आमच्या घरात कधीच आलं नाही. मला असले चोचले परवडत नाहीत आणि सासूबाईंनी तर तो डबा समुद्रात फेकला असता. मग ते खळगे कशानं? क्लाइड मध्येच माझ्या नकळत तिथे आणखी एक हात मारून आला. पुन्हा डोळे. तो आता त्या टोकाकडे पाठ करून उभा राहतो, जणू तिथे कुणी त्याला रागावतंय.

मार्चच्या मध्याला मालाची बोट लॉन्सेस्टनला जायची आहे, तिथून पुढे टेबल तुझ्याकडे पाठवायचं असा त्याचा बेत आहे. त्याच्या आत हे सुटायला हवं. नाही सुटलं तर तो रंधा काढणार, त्याला मी नाही अडवू शकणार.

नोला


३ मार्च

आयल्सा,

बसून वाच.

आज सकाळी मी टर्पेंटाइननं ते टोक पुसून काढलं, अगदी लाकडापर्यंत. वाटलं, लाकूड स्वच्छ झालं की खळगे कुठले राहतात. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात दोन जागा बाकीच्या लाकडाहून काळपट दिसल्या. नीट बघायला म्हणून मी खुर्ची ओढून बसले. सासूबाईंची खुर्ची. बसताना टेबलावर दोन्ही हात टेकले.

माझे दोन्ही तळवे बरोबर त्या दोन डागांवर पडले.

मी तिथेच बसून राहिले गं. ऊन लागून लाकूड जरा तापलं होतं आणि वास यायला लागला. तुला सांगायला नको कसला. पक्ष्यांच्या तेलाचा. ज्या वासानं मी पहिल्या दिवशी ओकले होते, तोच.

सासूबाईंची बोटं संधिवातानं आखडायची. संध्याकाळचं जेवण झालं की त्या बाटली काढायच्या, दोन्ही हातांना मटनबर्डचं तेल चोळायच्या आणि रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या ऐकत हात टेबलावर पसरून बसायच्या. क्लाइड बोटीवर असला तर बातम्या संपल्या तरी उठायच्या नाहीत. तू बेट सोडून गेलीस, आधी लॉन्सेस्टनला कामाला, मग तिकडे लांब, त्यानंतर तर त्या अ‍ॅडलेडचं हवामानसुद्धा ऐकायच्या. मी म्हणायची, "अहो, आयल्सा काय बोटीवर आहे?" तर म्हणायच्या, "तू गप गं. तिकडे पाऊस आहे म्हणतायत." हे मी तुला आधी कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि मला वाटलं, तुला माहीत असेल.

इतक्या वर्षांचं तेल त्या लाकडात मुरलंय. त्याच्यावर रोगण कसं धरणार?

मी क्लाइडला बोलावलं. त्याला खुर्चीत बसवलं आणि हात ठेवायला लावले. त्याचे पंजे केवढे, त्या जागेत मावतात थोडेच. मग उठला आणि म्हणाला, "असं पाठवता येणार नाही. अर्धं टेबल चमकतंय आणि इथे भोकं. तिला वाटेल मी आईच्या जागेवर काहीतरी केलं." मी म्हटलं, अरे, पण ते आईचेच हात आहेत. म्हणाला, "ते तिला कोण सांगणार? तू?" आणि शेडमध्ये जाऊन रंध्याच्या पात्याला धार लावत बसला. त्याला रडू आलं की तो धार लावतो. आमच्या घरातली सगळी पाती भयंकर धारदार आहेत.

तर मी सांगतेय. ते तिला मी सांगतेय. उद्याच्या विमानानं हे पत्र जाईल. तेल काढायचा काही उपाय असेल तर तो मला सांगू नकोस, मला तो नको आहे. तेल तसंच ठेवून वर चमक आणायचा उपाय असेल तर सांग. आणि लवकर सांग, पोस्टकार्डावर सांगितलंस तरी चालेल, सगळ्या बेटानं वाचू दे.

नोला


१८ मार्च

प्रिय आयल्सा,

आता मला "प्रिय" लिहायचा हक्क आहे, कारण तू ट्रंक कॉल केलास.

तुझ्या टोकाला काय दिसत होतं ते तुला माहीत, माझ्या टोकाला काय झालं ते ऐक. घंटा वाजली तेव्हा क्लाइड शेडमधून आत आला होता पेन्सिल शोधायला. टेबलावर कुठपर्यंत रंधा मारायचा त्याची रेघ मारायला पेन्सिल! रंधा एका हातात. दुसऱ्या हातानं फोन उचलला. मी त्याच्या कानाला कान लावून उभी. आणि तू पाच वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य: "रंधा खाली ठेव, गाढवा!"

"ठेवलाय," तो म्हणाला.

आयल्सा, त्यानं तो इतका घट्ट धरला होता की त्याची बोटं पांढरी पडली होती. मीच तो त्याच्या हातातून काढून घेतला.

मग तू म्हणालीस, "ते आईचे हात आहेत." तू म्हणालीस, "ऐकतोयस ना?" तो "हूं" म्हणाला. तुला तेवढंच ऐकू आलं असेल. मला त्याचा खांदा हलत होता तो लागत होता. तेवढ्यात लाइनवर कुणीतरी जोरात नाक शिंकरलं आणि तू म्हणालीस, "डोरीन, तू असशील तर फोन ठेव." आमच्या तारेवर पाच घरं आहेत, कुणीही फोन उचलला की सगळ्यांचं ऐकू येतं, हे तू विसरली नाहीस याचंच मला कौतुक वाटलं. डोरीन म्हणाली, "ठेवते, ठेवते, पण आधी सांग उपाय काय." आणि मग तू आम्हा सगळ्यांना, म्हणजे क्लाइडला, मला, डोरीनला आणि आणखी कोण कोण श्वास रोखून होते त्यांना, लाखेचा उपाय सांगितलास. तेल काढायचं नाही. लाखेचा एक पातळ हात द्यायचा, तेल लाकडातच खाली बंद होतं, आणि मग वर हवं ते धरतं.

क्लाइड म्हणाला, "तुला वाटलं असतं की मी मुद्दाम खराब करून पाठवलं."

"वाटलंच असतं," तू म्हणालीस.

"मग?"

"मग काही पाठवू नकोस. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, जिना वळणाचा आहे, तुझं टेबल दारातसुद्धा शिरणार नाही. मी येते. मार्चअखेर, पहिल्या पक्ष्यांना येते."

त्यावर माझा शहाणा नवरा काय म्हणाला? "विमानाला वारा असतो या दिवसांत." मी त्याला कोपर मारलं. तेव्हा म्हणाला, "न्यायला येईन." फोन ठेवल्यावर तो सरळ बाहेर गेला आणि दुपारभर लाकडं फोडत बसला. दोन हिवाळ्यांना पुरतील एवढी फोडली आहेत.

तुझा चहाचा डबा परवा आला. त्यातल्या लाखेच्या पिवळ्या पापड्या हातात घेऊन मी उन्हात धरल्या, मधासारख्या दिसल्या. सोबत मऊ फडकी घडी करून पाठवलीस, त्यात तुझा एक जुना ब्लाउज मी ओळखला. तू सांगितलंस तसं स्पिरिटमध्ये भिजवून बरणी खिडकीत ठेवली, हलवली नाही, लाखेतलं मेण खाली बसू दिलं आणि वरचं स्वच्छ तेवढंच ओतून घेतलं. फडक्याचा बोळा केला. क्लाइड म्हणाला, "ते टोक मी करतो." मग म्हणाला, "नोला, जरा चहा टाक." चहा नुकताच झाला होता. मी मुकाट्यानं बाहेर गेले.

मी परत आले तर तो डोकं धरून बसलेला. तू डब्यातल्या चिठ्ठीत लिहिलं होतंस, पाऊस असताना लाख लावू नका. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याला धीर कुठला? लाख लावली तशी ती दुधाच्या सायीसारखी पांढरी झाली. दोन्ही हात त्या पांढऱ्याखाली गडप. "घालवले," म्हणाला, "आईचे हात मी घालवले." मला वाटलं, आता हा माणूस खरंच कोसळतो. मी तुझी चिठ्ठी उलटी केली तर मागे लिहिलेलं, "तरी पावसात लावाल, मला माहीत आहे. घाबरू नका. वर दमट हवेचं पांढरं आलंय, खाली काही झालेलं नाही. कोरड्या दिवशी फडक्याला स्पिरिटचा नुसता वास लावा, जास्त नाही, आणि न थांबता अलगद वरून फिरवा." अगं आयल्सा! मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तो "तरी पावसात लावाल" ला हसला. नाताळपासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

आज कोरडं ऊन होतं. फडकं मीच फिरवलं, तो बरणी धरून शेजारी उभा होता. एकदा फिरवलं, काही नाही. दुसऱ्यांदा फिरवताना ते पांढरं विरत गेलं, आणि खालून दोन्ही हात वर आले, काळेभोर, आधीहून स्पष्ट. लाकडाच्या रेषासुद्धा दिसतात त्यांच्यातून. बाकीचं टेबल लालसर आणि तेवढ्या दोन जागा गडद. बोट फिरवलं तर कुठे काही लागत नाही, सगळं एकसारखं गुळगुळीत. क्लाइड म्हणतो, आता वर रोगण नकोच, सगळ्याला लाखच लावू, तू पियानोला लावतेस तशी. बोटीचा डबा त्यानं स्वतःहून डोरीनच्या नवऱ्याला देऊन टाकला. देव त्यांच्या फर्निचरचं रक्षण करो.

आयल्सा, तू मला आता दोनदा वाचवलंस. एकदा पक्ष्यांपासून, एकदा रंध्यापासून. मला फार बोलता येतं पण हे नीट बोलता येत नाही. लवकर ये.

तुझी नोला


१९ एप्रिल

प्रिय आयल्सा,

तुझं विमान दिसेनासं होईपर्यंत आम्ही धावपट्टीच्या कुंपणापाशी उभे होतो. मग क्लाइड म्हणाला, "वाऱ्यानं डोळ्यात काहीतरी गेलं." मी म्हटलं, दोन्ही डोळ्यांत? म्हणाला, "मोठं होतं."

घर कसं रिकामं झालंय. तू काही फार बडबडी नाहीस, तरी.

तुला आणायला आलो तेव्हाची गंमत मी डोरीनला सांगितली, ती हसून लोळली. अख्ख्या बेटाला वाटत होतं की धावपट्टीवर रडारड होणार. क्लाइडनं टोपी काढली आणि म्हणाला, "उशीर झाला." तू म्हणालीस, "वारा होता." आणि दोघं ट्रककडे चालायला लागलात. बॅगा मी उचलल्या! पण घरी आल्यावर तू कोटसुद्धा न काढता आत गेलीस, खुर्ची ओढलीस, बसलीस आणि दोन्ही हात ठेवलेस ना, तेव्हा क्लाइड दारातच थांबला. तुझे हात त्या जागेत अगदी बरोबर बसले. मी कधी पाहिलं नव्हतं की तुझे हात सासूबाईंसारखे आहेत. तू म्हणालीस, "क्लाइड, छान केलंयस." तो म्हणाला, "नोलानं केलं." मी म्हटलं, "आयल्सानं केलं." आणि मग मी बटाटे चढवले.

पहिल्या पक्ष्यांच्या जेवणाबद्दल मात्र मी तुला कधी माफ करणार नाही. तुझ्या भावानं सगळ्या बिळांमधून सर्वात गुबगुबीत पक्षी निवडून आणला. खांद्यापर्यंत हात बिळात घालून, साप चावेल याची पर्वा न करता. तुझ्या ताटात वाढला आणि समोर बसून बघायला लागला. आणि तू माझ्याकडे कसं पाहिलंस! पित्ताशयाचा त्रास आहे, डॉक्टरनं चरबी बंद केलीय, हे तुला आधी लिहिता आलं नसतं? पण तुला त्याचं मन मोडायचं नव्हतं. तो बटाटे आणायला वळला आणि मी माझं रिकामं ताट तुझ्याकडे सरकवलं. पंचवीस वर्षांनी फेड झाली. आता मला ते पक्षी आवडतात हे खरं, पण दोन माणसांचे खायचे म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. तुझ्यापुढे हात जोडते बाई. अख्खा हंगाम खाल्लेस तू!

आणि आता मुद्द्याचं बोलते.

निघायच्या दिवशी सकाळी तू चहाची किटली उचललीस. खाली ठेवायची जाळी तुझ्या हाताशीच होती. ती तू बोटानं बाजूला सारलीस आणि उकळती किटली सरळ टेबलावर ठेवलीस, हातांच्या दोन जागांच्या बरोबर मधोमध. पियानोंना पॉलिश करणारी बाई! गरम भांड्यानं लाखेचं काय होतं ते तुला माहीत नाही? मी चुलीपाशी उभी होते, मी सगळं पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, गाल मात्र आतून चावत होतीस.

क्लाइडला ते विमानतळावरून परत आल्यावर दिसलं. पांढरं, गोल, बांगडीएवढं कडं. आधी त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "हे जातं. स्पिरिटचं फडकं फिरवलं की जातं. मला येतं आता." आणि बरणी शोधायला लागला. सापडली नाही. कशी सापडेल? ती मी पिठाच्या डब्यात लपवली आहे.

मी त्याला सांगितलं, हे कडं कसं घालवायचं ते मलाही येतं, तुलाही येतं, या तारेवरच्या पाचही घरांना येतं. पण ज्यानं उमटवलं त्यानंच येऊन पुसायचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, आणि जरा वेळानं त्याच्या टाळक्यात उजेड पडला. तुझ्या भावाला सगळं उशिरा कळतं, पण कळतं.

आता त्या कड्याला तो कुणाला हात लावू देत नाही. डोरीन परवा तिथे विणकाम ठेवायला गेली तर तिच्यावर ओरडला. सकाळी चहा घेताना आपला कप त्याच्या शेजारी ठेवतो, खाली जाळी घेऊन, आणि कड्यावरून एकदा बोट फिरवतो. आज तसं फिरवता फिरवता मला म्हणाला, "नोला, पुढच्या मार्चला अजून किती अवकाश आहे गं?"

तुझी नोला